कुरणाचा पहारा

महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात गवताच्या जमिनीची नोंद बहुधा 'पडीक' अशी असते. जिथे नांगर फिरत नाही आणि पीक येत नाही ती पडीक, असा त्यामागचा सरळ हिशेब. मारवेल, पवन्या (ज्याला काही ठिकाणी शेडा म्हणतात) आणि डोंगरी ही दख्खनची अस्सल बहुवर्षायू गवते. ती कोणी पेरली नाहीत, त्यांना कोणी खत घातले नाही, हे खरेच आहे. पण त्यावरून चांगले कुरण म्हणजे नुसती सोडून दिलेली जमीन असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. गेल्या साडेतीनशे वर्षांतली पत्रे, कायदे, संप आणि सत्याग्रह एकत्र ठेवून पाहिले, तर कुरण एका तारखेवर टिकते असे दिसते. या तारखेच्या आधी गुरे आत शिरणार नाहीत आणि विळा लागणार नाही, अशी ती तारीख. ती कोणी ठरवायची, कोणी पाळायला लावायची आणि राखलेले गवत शेवटी कोणाच्या दावणीला जायचे, या तीन प्रश्नांभोवती कुरणाचा सगळा इतिहास फिरतो. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हा प्रश्न त्यानंतरचा.

तारखेला एवढे महत्त्व येते ते या गवतांच्या जगण्याच्या रीतीमुळे. उन्हाळ्यात माळावर दिसतात ती वाळकी खुंटे. जीव असतो तो मुळांत आणि जमिनीलगतच्या ठोंबात. मागच्या पावसाळ्यात पात्यांनी तयार केलेले अन्न तिथे साठवलेले असते. मृगाच्या सरी पडल्या की ठोंब त्या शिल्लकीतून पहिली पाती काढतो, आणि ती पाती स्वतः कमावती होईपर्यंतचे काही आठवडे गवत त्या शिल्लकीवरच निभावते. नेमके याच आठवड्यांत उन्हाळाभर कडब्यावर दिवस काढलेली गुरे हिरव्याकडे धाव घेतात. पहिली पाती खाल्ली गेली की ठोंब दुसरी काढतो, ती गेली की तिसरी. असे काही पावसाळे गेले की ठोंब मरतो. त्याची जागा आधी कुसळी घेते. तिची कोवळी पाती गुरे खातात, पण फुलोरा आल्यावर तिची टोकदार कुसळे जनावरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या लोकरीत रुततात. चराई तशीच चालू राहिली तर कुसळीही मागे हटते आणि एका पावसाळ्याची हलकी गवते उरतात. दुसऱ्या टोकाची अडचणही तितकीच खरी आहे. फुलोऱ्याच्या सुमारास गवतात जे सत्त्व असते ते बी झडून पाती पिवळी पडेपर्यंत झपाट्याने उतरते. फार उशिरा कापलेल्या गवताने जनावराचे पोट भरते, अंग भरत नाही. म्हणजे आरंभी बंदी हवी आणि शेवटी वेळेवर कापणी हवी. या दोन टोकांमधला पहारा म्हणजेच गवताची निगा. तिच्यात नांगरणी नाही, खुरपणी नाही, म्हणून ती कष्टाची कामे मोजणाऱ्याच्या नजरेत येत नाही.

हे ज्ञान शास्त्रज्ञांच्या आधीपासून होते. शास्त्रज्ञांनी त्याचा आवाका दाखवला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाशी संबंधित असलेले विल्यम बर्न्स यांनी कुलकर्णी आणि गोडबोले या सहकाऱ्यांसह १९२०च्या दशकात इथली गवते आणि गवताळ जमिनी यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९३५ साली ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरचा ग्रंथ आला. पुढे १९७३ साली दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातील गवताच्या आवरणाचे पाच मोठे गट पाडले. त्यांत पवन्या-मारवेलचा गट सुमारे १७.४ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळपास सगळे द्वीपकल्प व्यापणारा निघाला. अर्थात या सगळ्या क्षेत्रावर आज पवन्या डोलतो आहे असे नव्हे. इथली माती, पाऊस आणि ऊन या गवतांना मानवते, पहारा असेल तिथे ती टिकतात आणि नसेल तिथे कुसळीपर्यंत घसरतात, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

आता इतिहासाकडे. मराठ्यांचे राज्य घोड्यावर उभे होते, हे शाळेपासून आपण ऐकतो. घोडा कशावर उभा होता हे फारसे कोणी विचारत नाही. शिवाजी महाराजांचे १६७३-७४च्या सुमाराचे, चिपळूण भागात छावणीला असलेल्या लष्करी अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या ताकिदीसाठी ते नेहमी सांगितले जाते. पण त्या पत्राचा बराच भाग दाणा आणि गवत यांच्याविषयी आहे, आणि तो माझ्या मते तितकाच मोलाचा आहे. साठा पावसाळाभर पुरवून खर्च करा, गवताच्या जवळ आगट्या करू नका, चिलमी ओढू नका, रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात पळवून नेतील आणि गवत पेटेल, मग घोडी जगणार नाहीत, असा त्याचा रोख आहे. राजाने उंदरापर्यंत विचार करावा इतके गवत मोलाचे होते. कारणही उघड आहे. दसऱ्यानंतर कापून रचलेले गवत पुढच्या पावसापर्यंत दुसऱ्यांदा मिळत नाही. जळाले की वर्ष गेले. पुढे मराठ्यांनी परमुलखावर बसवलेल्या एका वसुलीचे नावच घासदाणा होते. पेशवाईत पुण्याच्या आसपास आणि मावळांत सरकारी कुरणे होती, त्यांवर राखणदार होते, आणि गवत कापून पागेपर्यंत पोहोचवण्याचे काम भोवतालच्या गावांवर वेठीने लादलेले होते. वेल्हे (आताचा राजगड), जुन्नर, संगमनेर या तालुक्यांत कुरण नावाची गावे आजही आहेत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. ही कुरणे राखली गेली ती सत्तेच्या धाकाने. गावाची गुरे आत गेली की कोंडवाडा आणि दंड, आणि दिवाळीच्या तोंडावर, स्वतःचे खळे बाकी असताना, पागेसाठी विळा घेऊन वेठीला जायचे. अशा व्यवस्थेचे गोडवे का गावेत? गाऊ नयेतच. पण या आक्षेपात माझ्या मुद्द्याचाच पुरावा आहे. गवत आपोआप टिकत असते तर राखणदार नेमायला, वेठ लावायला आणि दप्तरात नोंदी ठेवायला पेशवे सरकारला गरज पडली नसती. अन्याय तारखेत नव्हता. तारीख पाळणारा एक आणि गवत खाणारा दुसरा, या विभागणीत होता.

१८१८ नंतर पागा मोडल्या आणि मोठ्या संख्येने घोडे ठेवणारी सत्ताच गेली. इंग्रजांच्या फौजेलाही घोडे होते, पण त्यांची रीत निराळी होती. छावणीत घोड्यामागे मोतद्दाराबरोबर एक गवत कापणारा नेमलेला असे. तो खुरप्याने हरळी मुळासकट खरवडून काढी आणि झोडून, धुऊन आणी. हरळी चिवट, ती यातूनही वाचते. म्हणून या पद्धतीला राखणदारी लागली नाही. खरा बदल झाला तो मोजणीने. १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून सुरू केलेल्या जमीनबंदीचे सगळे लक्ष लागवडीवर होते. आकार बसतो तो पिकाच्या जमिनीवर, बाकीची पडीक. मोजणीदाराला गवताची प्रत लावण्याचे कारणच नव्हते. १८७८च्या वन कायद्याने डोंगर जंगल खात्याकडे गेले. १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने गावाच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली. आजचे गायरान तिथून येते. तरतूद चांगली होती. तिने गावाला जागा दिली, पण बंदीचा काळ ठरवण्याचा आणि तो पाळायला लावण्याचा अधिकार कोणाच्या हातात स्पष्टपणे दिला नाही. सरकारी कुरणात पहारा होता आणि गावाला गवत नव्हते. गायरानात गावाला गवत मिळाले आणि पहारा गेला. परिणाम कोणत्याही गायरानात जुलैमध्ये उभे राहिले तर दिसतो.

याच काळात मुंबईची भूक वाढत होती. शहरात गुरे चारण्यावर सरकारने शुल्क बसवले तेव्हा, १८३८ साली, जमशेटजी जिजीभाई यांनी स्वतःचे २० हजार रुपये घालून ठाकूरद्वारजवळ चराईसाठी जागा घेतली, हे चर्नी रोड स्टेशनच्या निमित्ताने सांगितले जाते. पण एवढ्याशा मैदानाने काय होणार? म्हशींचे तबेले वाढले, बग्ग्या वाढल्या, आणि १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०५मध्ये ती बंद होईपर्यंत तिच्या तबेल्यांत हजाराच्या घरात घोडे होते. या सगळ्यांना वाळलेले गवत पुरवले ते उत्तर ठाणे जिल्ह्याने. १८६४ साली बडोदा लाइन मुंबईला जोडली गेल्यावर पालघर, डहाणू, उंबरगाव या पट्ट्यातला डोंगरउतार आणि वरकस जमीन, जिच्यावर पूर्वी नाचणी-वरी आणि राबासाठीचे गवत होत असे, ती बाजाराच्या हिशेबात आली. स्टेशनांजवळ गवताच्या वखारी उभ्या राहिल्या, दाबून बांधलेल्या गासड्या डब्यांतून मुंबईला जाऊ लागल्या. जमिनी आधीच सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या होत्या. त्यांना गवतासारखे सोयीचे पीक दुसरे नव्हते. बियाणे नको, अवजार नको, फक्त पावसाळ्यात राखण आणि नंतर कापणी. आणि ही दोन्ही कामे करायला वारली होते, ज्यांतले कित्येक लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर 'लग्नगडी' म्हणून राबत.

१९४५च्या वारली उठावाची हकिगत वेठबिगारी आणि सावकारी यांच्या अंगाने पुष्कळ लिहिली गेली आहे. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' मराठी वाचकाला माहीत आहे. मला मात्र त्या लढ्यातली ऋतूची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले, मेमध्ये उंबरगाव तालुक्यातल्या झरी इथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. पण मालकांची खरी कोंडी झाली ती पावसाळा संपल्यावर, जेव्हा ५०० रतल गवत कापण्याला अडीच रुपये या दराची मागणी पुढे आली आणि विळे थांबले. भाताचा मालक चार दिवस थांबू शकतो. गवताचा मालक थांबू शकत नाही. उभे गवत रोज सत्त्व हरवते, व्यापाऱ्याने ठरवलेला माल वेळेवर जात नाही, आणि नोव्हेंबर उजाडला की एका ठिणगीने डोंगर काळा होतो. तोवर जमीनदाराच्या ताब्यात असलेली कापणीची तारीख काही आठवडे वारल्यांच्या हातात आली. म्हणूनच प्रतिकार इतका तिखट झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथे जमलेल्या हजारोंच्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. गोळीबाराने संप मोडला नाही आणि बऱ्याच ठिकाणी मालकांना दर मान्य करावा लागला. हा मजुरीचा लढा होता यात शंका नाही. पण तो गवतात का पेटला, त्या ऑक्टोबरात का पेटला, याचे उत्तर पवन्या आणि मारवेल यांच्या वाढीच्या क्रमातही आहे.

या किनाऱ्यावरूनच सगळ्यात अवघड आक्षेप येतो. उंबरगावच्या उत्तरेला लागून असलेला पारडी तालुका तेव्हा मुंबई राज्याच्या सुरत जिल्ह्यात होता. तिथे १ सप्टेंबर १९५३ रोजी ईश्वरभाई देसाई आणि अशोक मेहता या समाजवादी नेत्यांच्या पुढाकाराने आदिवासींनी सत्याग्रह सुरू केला. मागणी अशी की जमीनदारांनी गवताखाली ठेवलेली जमीन अन्नधान्यासाठी द्यावी. हा लढा १९६७पर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षे, चालला आणि तडजोडीने संपला. गवत हा तिथे जमीनदाराचा आडोसा होता. शेती लावली की कूळ येते, आणि १९४८च्या कुळकायद्यानंतर कुळाला हक्क येतो; गवताला कूळ लागत नाही. माणसे उपाशी आणि शेजारी शहराच्या म्हशींसाठी राखलेले रान, अशा स्थितीत कुरणाची बाजू कोण घेणार? मी तरी घेत नाही. पारडीची मागणी न्याय्य होती. पण तिच्यावरून सरसकट 'गवत नको, धान्य हवे' असा नियम काढला गेला तो मात्र महागात पडला. जिथे खोल माती आहे तिथे धान्य व्हावे. दख्खनच्या मुरमाड उतारांवर, जिथे वीतभर मातीखाली खडक लागतो, तिथे नांगर दोन-तीन पिके देतो आणि माती ओढ्याला देऊन मोकळा होतो. तिथली माती धरून ठेवतात ती या गवतांची मुळे. पारडीतून घ्यायचा धडा मला वेगळा दिसतो. ज्या कुरणातले गवत शेजारच्या माणसाच्या गोठ्यात जात नाही, त्या कुरणाच्या बाजूने बोलायला वेळ आली की कोणीच उरत नाही.

झाडे लावणाऱ्यांचा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो. उघडा माळ म्हणजे तोडलेले जंगल, म्हणून त्यावर झाडे लावा, ही समजूत अजून जोरात आहे. माळढोक, चिंकारा, काळवीट आणि माळावरचा लांडगा यांची शरीरे आणि सवयी मोकळ्या रानाच्या आहेत. दोनशे वर्षांच्या कुऱ्हाडीने असे प्राणी घडत नाहीत. मात्र माळ जुना आहे हे कळल्यावर सरकारने त्याला जे कुंपण घातले त्याचीही कथा बोलकी आहे. १९७९ साली सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. गावे, शेते, तालुक्याची ठिकाणे, सगळे त्यात. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागले. एवढ्या मोठ्या मुलखावर नकाशा ठेवता येतो, पहारा ठेवता येत नाही. अभयारण्यातल्या नान्नजसारख्या ज्या थोड्या तुकड्यांवर माणसे नेमून गवत राखले गेले, तिथेच ते टिकलेले दिसले.

धनगरांचा आक्षेप मात्र असा झटकता येणार नाही. चराईबंदी म्हटली की पहिला फटका बसतो तो कळपाला, आणि कळपवाल्याला गावसभेत मत नसते. शिवाय गवताला चराई मुळीच नको असते हेही खरे नाही. वर्षानुवर्षे न चरलेल्या, न कापलेल्या कुरणात जुना वाळका थर साचतो आणि त्याखाली नवे फुटवे गुदमरतात. परंपरेने धनगरांचा कळप एका रानात मुक्काम ठोकत नसे. पावसाळ्यात देशावर, दसरा-दिवाळीनंतर कोकणाकडे किंवा काळ्या रानांकडे, आणि वाटेत शेतात मेंढ्या बसवून खत देत परत. चालत्या कळपाने रानाला विसावा मिळतो. आज वाटा बंद झाल्या, ऊस आणि कुंपणे वाढली, म्हणून कळप थोड्या रानात अडकतो आणि मग रान खाल्ल्याचा ठपका त्याच्यावर येतो. तेव्हा बंदीची तारीख ठरवताना कळपाला कधी, कुठून आणि किती दिवस जाता येईल, हेही त्याच ठरावात लिहिले गेले पाहिजे. नाहीतर ती बंदी म्हणजे पागेच्या कुरणाचीच नवी आवृत्ती होईल, फक्त मालक बदललेला.

गावाच्या हातात तारीख आली की काय होते याचे उदाहरण नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने दिले आहे. १९९०च्या दशकात आदर्श गाव योजनेत आल्यावर या गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी घेतली. डोंगरावर गुरे सोडायची नाहीत. गवत वाढू द्यायचे, आणि ठरल्या दिवसापासून ठरावीक पैसे भरून विळ्याने कापून न्यायचे. २००० साली १०० टन असलेले गवत २००४ साली ६,००० टनांवर गेले, असा आकडा सांगितला जातो. दुष्काळी वर्षाशी चांगल्या पावसाच्या वर्षाची तुलना केली की असे आकडे फुगतात, शिवाय तिथे पाणलोटाची कामेही झाली होती. म्हणून त्यातला निम्मा वाटा बाजूला ठेवला तरी उरतो तो फरक पहाऱ्याचा आहे, हे मान्य करावे लागते. इथे राखणारे आणि खाणारे एकच होते. पागेच्या कुरणात नव्हते, ठाण्याच्या वखारीत नव्हते, पारडीत नव्हते.

१९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ने गायरानाची तरतूद कायम ठेवली आहे. २०११च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश राज्यांना दिला. जागा वाचवायला एवढे पुरेसे आहे. गवत वाचवायला नाही, कारण अतिक्रमण निघालेल्या गायरानातही पहिल्या पावसाला गुरे शिरणारच. आपल्याकडे १ मे आणि २ ऑक्टोबर या दोन्ही दिवशी ग्रामसभा भरवण्याचा प्रघात आहे. पहिली मृगाच्या महिनाभर आधी येते, दुसरी कापणीच्या तोंडावर. ज्या गावाला गायरान उरले आहे, त्या गावाने मेच्या सभेत बंदीची तारीख घ्यावी, कळपवाल्यांना बोलावून त्यांची वाट ठरवावी, आणि ऑक्टोबरच्या सभेत विळा कधी लावायचा ते ठरवावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि बियाण्याची पिशवीही लागत नाही.